वाचकांचे प्रश्न : वाळवंटातल्या रिटायरमेंट कम्युनिटीत एकट्यानं

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वायव्येला, 1 जानेवारी 1960 रोजी डेल वेब या बिल्डरनं सन सिटी खुली केली. फक्त निवृत्तांसाठी वसवलेलं, गोल्फ आणि छंदांच्या कार्यशाळांचं हे गाव. मग तशी आणखी गावं त्या वाळवंटात उभी राहिली. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची पहिली पिढी आता निवृत्त होते आहे आणि तिथल्या राहणीबद्दल पत्रं येत आहेत. एकट्यानं राहणाऱ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : यजमान गेल्यापासून न्यू जर्सीचं मोठं घर मला एकटीला झेपत नाही. वय 67. जानेवारीत सन सिटी पाहिली आणि फार आवडली. लगेच घर घेऊ का?

जानेवारीत पाहिलंत म्हणूनच थांबा. त्या महिन्यात तिथे दुपारी वीस अंश असतं आणि सगळी मैदानं भरलेली असतात. गावाची खरी ओळख जून ते सप्टेंबरमध्ये होते. थंडीपुरते येणारे लोक, तिथे त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, एप्रिल-मेमध्ये परत जातात. त्यामुळे उन्हाळ्यात सामानासकट घरं भाड्यानं मिळतात आणि तीही थंडीपेक्षा बरीच स्वस्त. एक उन्हाळा भाड्यानं राहा. तो मानवला तर घर घ्या. हा सल्ला सगळ्यांना नकोसा वाटतो, पण आमचा आग्रह आहे.

घर पाहताना तीन गोष्टींत घाई नको. पहिली, एसीचं वय. वाळवंटात एसी बारा-पंधरा वर्षांत दमतो आणि बदलायला हजारो डॉलर लागतात, म्हणून बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर उत्पादनाचं वर्ष बघा. दुसरी, 1960-70 च्या घरांतली जमिनीखालची सांडपाण्याची पाइप. नेहमीच्या तपासणीत ती येत नाही. वेगळे पैसे देऊन आतून कॅमेरा फिरवून घ्या. तिसरी, वर्गणी. मनोरंजन केंद्रांची वार्षिक वर्गणी आणि घर घेताना एकदाच भरायची रक्कम असे दोन आकडे लेखी मागा. कॉन्डो असेल तर त्याच्या असोसिएशनची मासिक वर्गणी निराळी. त्याच कागदांत पाहुण्यांचे नियमही असतात. केंद्रीय कायद्यानुसार अशा वस्तीत राहत्या घरांपैकी किमान 80 टक्के घरांत 55 किंवा जास्त वयाची एक व्यक्ती असावी लागते, आणि लहान वयाच्या पाहुण्यांना किती दिवस राहता येईल यावर वस्तीची मर्यादा असते. नातवंडं सुट्टीभर येणार असतील तर सही करण्याआधी ते वाचा.

मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, बरेच जण विसरतात. तुमचा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर) असेल तर तो भागाशी बांधलेला असतो, न्यू जर्सीचा अ‍ॅरिझोनात चालत नाही. स्थलांतरानंतर साधारण दोन महिन्यांच्या मुदतीत नवा घ्यावा लागतो. डॉक्टर आधी निवडा आणि ते कोणत्या प्लॅनमध्ये आहेत हे बघून प्लॅन घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात एसी बंद पडला तर एकट्या माणसानं काय करायचं? विजेचं बिलही फार येतं म्हणतात.

2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर जात होता. अशा दिवसांत एसी बंद पडला की घर काही तासांत राहण्यासारखं उरत नाही. म्हणून तयारी मार्च-एप्रिलमध्येच करायची. तंत्रज्ञाला बोलवून कपॅसिटर मोजून घ्या. बाहेरच्या युनिटमधला हा डब्यासारखा भाग उष्णतेनं कमजोर होतो, वरून फुगतो आणि ऐन जुलैमध्ये दगा देतो. पंखा नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, हे त्याचं लक्षण. भाग स्वस्त असतो. महाग पडतो तो जुलैतल्या रविवारचा कॉल.

बाकीचं घरच्या घरी होतं. एक इंच जाडीचा फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बदला आणि त्यावरचा बाण एसीच्या दिशेनं ठेवा. फिल्टर चोंदला की आतली कॉइल गोठते आणि गार हवा येईनाशी होते. तसं झालं तर कूलिंग बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, बर्फ वितळू द्या. पाणी निचऱ्याच्या नळीत शेवाळ साचतं, तिच्यात महिन्या-दोन महिन्यांनी कपभर पांढरा व्हिनेगर ओता. छतावर चढायचं काम मात्र एकट्यानं कधीच करू नका.

बिलाचं गणित वेळेत आहे. सन सिटीत वीज अ‍ॅरिझोना पब्लिक सर्व्हिसची. तिच्या वेळेनुसार दर असलेल्या योजनांत सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 ते 7 वीज महाग असते. दुपारी साडेतीनपर्यंत घर 24 अंशांवर गार करून ठेवा आणि चार वाजता थर्मोस्टॅट 27 वर न्या. भिंती आणि फरशी तोवर गार झालेली असतात, त्यामुळे तीन तास बऱ्यापैकी निभतात. कुकर, ओव्हन, कपड्यांचा ड्रायर सकाळी उरका. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून जाळीचे सनस्क्रीन लावा. आतल्या पडद्यानं ऊन अडतं, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

एवढं करूनही एसी बंद पडलाच, तर घरात बसून तंत्रज्ञाची वाट बघू नका. औषधं, चार्जर आणि पाणी घेऊन मनोरंजन केंद्र, वाचनालय किंवा शेजारी गाठा. कुठे जायचं सुचत नसेल तर 211 या मदतीच्या नंबरवर फोन करा, गारव्याच्या सार्वजनिक जागा तिथे सांगतात.

शरीराबद्दल: तिथे घाम येतो तसा सुकतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं ते कळत नाही. त्यात वयानं तहान मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला. स्वतःहून बदलू नका. फिरायला सूर्योदयाआधी निघा. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो. पत्रपेटीपर्यंत अनवाणी जायची सवय असेल तर मोडा. भर दुपारी डांबर इतकं तापतं की पाय पोळतात, आणि पडलेल्या माणसाला उठता आलं नाही तर कातडी गंभीर भाजते. फोन खिशात हवा तो याचसाठी. टपालानं येणारं इन्सुलिन किंवा इनहेलर त्या लोखंडी पेटीत तासभरही राहू देऊ नका, औषधाच्या दुकानातून हातोहात घ्या. कोणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग तापलं असेल तर तो उष्माघात. आधी 911 (तातडीच्या मदतीचा नंबर), मग ओले टॉवेल आणि वारा.

प्रश्न : गाडी कमी करून गोल्फ कार्ट घ्यावी म्हणतो. ती रस्त्यावर चालते का? बॅटऱ्या लवकर जातात, खरं का?

चालते. अ‍ॅरिझोनात नोंदणी, नंबरप्लेट, विमा आणि चालकाचा परवाना हवा, आणि ताशी 35 मैलांपर्यंत मर्यादा असलेल्या रस्त्यांवरच. दिवे, ब्रेकलाइट, हॉर्न आणि आरसा चालू हवेत. आठवड्याची खरेदी, केंद्र, दवाखाना एवढं कार्टवर होतं, पण फिनिक्समधल्या तज्ज्ञांकडे जायला मोटार लागतेच. दोन्ही ठेवणं परवडत असेल तर ठेवा.

लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, बहुधा 8 व्होल्टच्या सहा, उष्णतेत पाणी झपाट्यानं सोडतात. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी झाकणं उघडून बघा. चष्मा आणि हातमोजे घाला. फक्त डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं तर तिथे फारच जड आहे. पाणी भरायचं ते पूर्ण चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आतला द्रव फुगतो, अ‍ॅसिड बाहेर येतं आणि तारांची टोकं खातं. बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर चार्जआधी त्या बुडतील एवढंच घाला, उरलेलं नंतर. टोकांवर पांढरं-निळं साचलं तर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. प्रत्येक फेरीनंतर चार्ज करा. निम्मी उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं हे तिच्या अकाली मरणाचं सर्वांत मोठं कारण आहे. ज्यांना ही देखभाल जमणार नाही त्यांनी लिथियमची घ्यावी, महाग आहे पण पाणी मागत नाही.

प्रश्न : दिवस भरायचा कसा? मला गोल्फ येत नाही आणि आसपास मराठी कोणी नाही.

गोल्फ न खेळणारे तिथे भरपूर आहेत. कुंभारकाम, सुतारकाम, रत्नांचे दगड घासणं, विणकाम, लॉन बोलिंग अशा क्लबांची यादी मोठी आहे. निवडताना आवडीइतकंच एक बघा: ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि एकमेकांकडून हत्यार मागावं लागेल असं काम. व्याख्यानाला शंभर जणांत बसून ओळखी होत नाहीत, दगड घासायच्या चाकापाशी होतात. सुतारशाळेत आधी सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. ते झाल्यावर देखरेखीची पाळी मागून घ्या. आठवड्यातून एकदा दाराशी बसणाऱ्या माणसाला सगळे नावानं ओळखतात, आणि तो आला नाही तर विचारपूस होते. एकट्या माणसाला हेच हवं असतं.

पिकलबॉलला (छोट्या कोर्टवरचा टेनिससारखा खेळ) जायचं तर जरूर जा, पण चालायचे बूट नकोत, कोर्टचे हवेत. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावली धावू नका. आधी वळा. मनगटाची आणि खुब्याची हाडं मोडतात ती याच चुकीनं.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये केलीत तर सर्वांत बरं, तेव्हा क्लबांचा हंगाम भरात येतो. मराठी माणसं मुख्यतः चॅन्डलर-गिल्बर्टच्या बाजूला आहेत, सन सिटीहून साठ किलोमीटरच्या आसपास. महागणपती मंदिर त्याहून लांब, मॅरिकोपा गावात. महिन्यातून एकदा तिकडे जाणं जमतं, रोजची सोबत म्हणून नाही. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ज्येष्ठांसाठीचा ‘उत्तररंग’ हा उपक्रमही आहे. तरी पहिल्या वर्षी शेजारच्या गल्लीतले लोक जोडा, असं आमचं स्पष्ट मत.

प्रश्न : मी पुण्यात आहे, बाबा (वय 74, मधुमेह) तिथे एकटे. इथून मी काय करू शकते?

अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे करत नाहीत, म्हणून फरक वर्षभर साडेबारा तासांचा. बाबांचे सकाळचे सात म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात. ही वेळ रोजची ठरवा, आणि फोन उचलला नाही तर अर्ध्या तासात कोणी दार वाजवायचं ते शेजाऱ्याशी बोलून ठेवा. दाराबाहेर आकड्यांच्या कुलपाच्या डबीत किल्ली असू द्या. औषधांची यादी, डॉक्टरांचा आणि तुमचा नंबर फ्रिजच्या दारावर लावायला सांगा.

वैद्यकीय निर्णयांचं मुखत्यारपत्र अमेरिकेतल्या, फोनला लगेच उत्तर देईल अशा माणसाच्या नावे करा. पुण्याहून अर्ध्या रात्री निर्णय देणं अवघड जातं. घरासाठी अ‍ॅरिझोनात बेनिफिशियरी डीड करता येतं. त्याची काउंटी रेकॉर्डरकडे (जिल्ह्याचं नोंदणी कार्यालय) हयातीतच नोंदणी झाली, तर घर प्रोबेटशिवाय, म्हणजे वारसासाठीच्या कोर्टाच्या प्रक्रियेशिवाय, वारसाकडे जातं.

एक आजार लक्षात ठेवा: व्हॅली फीव्हर. तिथल्या मातीतल्या बुरशीमुळे होतो, धुळीतून फुफ्फुसात शिरतो, माणसाकडून माणसाला लागत नाही. एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, कमालीचा थकवा येतो आणि तो न्यूमोनियासारखा दिसतो. अँटिबायोटिकनं उतरत नाही, आणि मधुमेह्यांत गंभीर होऊ शकतो. खोकला लांबला तर बाबांनी डॉक्टरांना या आजाराचं नाव घेऊन रक्ततपासणी मागावी. धुळीच्या वादळात गाडीत असतील तर रस्ता पूर्ण सोडून थांबायचं, दिवे बंद करायचे, ब्रेकवरून पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा चालक त्यांच्या रोखानं येऊन धडकतो.

प्रश्न : तुळस आणि कढीपत्ता जगेल का?

दोन्ही जगतात, कुंडीत. उन्हाळ्यात सकाळचंच ऊन द्या, दुपारी सावली, आणि रोज पाणी. कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यातून गाडीत घालून आणू नका. ते लिंबाच्या कुळातलं आहे आणि लिंबांवरची कीड त्यावरून पसरते, म्हणून त्यावर निर्बंध आहेत. तिथल्या नर्सरीतूनच घ्या. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा शून्याजवळ येतो. तेव्हा कुंडी भिंतीलगत सरकवून जुन्या चादरीनं झाका. प्लास्टिक घालू नका, पानाला चिकटतं तिथे पान जळतं. सकाळी ऊन आलं की चादर काढा.