पहिला गिअर टाकताना येणारा ‘खट्’ : इंजिन खोलावे का?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटर असलेली मोटारसायकल असून ती ४१,००० किलोमीटर धावली आहे. सकाळी पहिला गिअर टाकला की ‘खट्’ असा मोठा आवाज येतो आणि गाडीला हिसका बसतो. सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नाही, पहिल्यावरून थेट दुसरा पडतो. वरच्या गिअरमध्ये त्रास नाही. मेकॅनिकच्या मते गिअरचे दाते गेले असून फुल इंजिन खोलावे लागेल. हा खर्च खरोखर आवश्यक आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून इंजिन खोलण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधील चक्रे एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. आपण पायाने जे करतो त्यामुळे एका चक्राच्या बाजूचे जाड खुंट शेजारच्या चक्राच्या खाचेत जाऊन बसतात. मोटारीत असते तशी दोन्हींचा वेग आधी जुळवून घेणारी सिंक्रोची सोय येथे नसते. गाडी उभी असताना मागच्या चाकाशी जोडलेला शाफ्ट स्थिर असतो आणि इंजिनाकडचा फिरत असतो, म्हणून पहिला गिअर पडताना खुंट खाचेवर आदळून आवाज होणारच. नव्या कोऱ्या गाडीतही तो होतो. धावत्या गाडीत दोन्ही शाफ्ट फिरत असल्यामुळे वरचे गिअर त्या मानाने मुकाट्याने पडतात.

तेव्हा आवाज का येतो, यापेक्षा तो पूर्वीपेक्षा का वाढला, हे पाहायला हवे. मोठा आवाज आणि उभ्या गाडीत न सापडणारे न्यूट्रल या दोन तक्रारी एकत्र आल्या की बोट बहुतेक वेळा क्लचकडे जाते. क्लच दाबूनही प्लेटा पूर्ण सुटत नसतील, तर इंजिन गिअरबॉक्सला ओढतच राहते. इंजिन गरम झाल्यावर, पुढे मोकळी जागा पाहून, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच तसाच धरून किंचित रेस द्यावी. गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर क्लच सुटत नाही. शिवाय सिग्नलला इंजिन बंद करताच न्यूट्रल सहज लागत असेल, तर दात्यांना दोष देण्याचे कारण उरत नाही.

पहिली तपासणी क्लच वायरची करावी, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिलिमीटर ढिलाई असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढिलाई जास्त असली की क्लच अर्धवट सुटतो, अजिबात नसली की प्लेटा घसरून जळतात. माझ्या स्वतःच्या गाडीला अगदी हाच त्रास होता. लिव्हरवरचे रबर मागे सारून पाहिले, तर वायरच्या शिशाच्या गोळीजवळ तारेचे चार-पाच पदर तुटून केसांसारखे उभे राहिले होते आणि उरलेल्या पदरांवर वायर ताणली जात होती. वायर बदलल्यावर न्यूट्रल पहिल्याच प्रयत्नात लागले. वायर ठीक असूनही क्लच ओढत असेल, तर प्लेटा तपासाव्यात. बहुतेक गाड्यांत त्या उजव्या बाजूच्या कव्हराखाली असतात आणि त्यासाठी फुल इंजिन खोलावे लागत नाही.

त्यानंतर चेन पाहावी. आपण ज्याला हिसका म्हणता, तो सैल चेन एकदम ताणली गेल्याचाही असू शकतो. चेनच्या पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांच्या मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली केली असता सर्वसाधारणपणे २० ते ३० मिलिमीटर हलावी. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. मागच्या चाकाच्या हबमधील (मधल्या भागातील) रबर झिजले असल्यासही असाच धक्का बसतो.

ऑइलबाबत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच ऑइल असते. म्हणून मोटारीचे ऑइल त्यात कधीही घालू नये, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही मोटारसायकलच्या ऑइलची खूण पाहूनच घ्यावे. आवाज दबेल या आशेने कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल घालण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण जाड ऑइल थंडीत प्लेटांना आणखी चिकटवून धरते आणि सकाळचा ‘खट्’ उलट वाढतो. इंजिनाचे स्लो सेटिंग, म्हणजे रेस न देता ते ज्या वेगाने चालते तो वेगही पाहून घ्यावा. मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास चालणारे इंजिन २००० वर ठेवले असेल, तर पहिला गिअर आदळूनच पडणार.

सकाळी इंजिन बंद असताना क्लच दाबून दोन-तीन वेळा किक मारावी, म्हणजे रात्रभर चिकटलेल्या प्लेटा सुटतात.

प्रश्न : माझ्या गाडीचे गिअर आवाज न करता पडतात, परंतु चढावर जोर दिला की दुसरा गिअर आपोआप सुटतो. तसेच चालवत राहिले तर चालेल का? (एक वाचक, महाड)

उत्तर : चालणार नाही. आवाज नसला तरी हा बिघाड कराडच्या वाचकांच्या तक्रारीपेक्षा कितीतरी गंभीर आहे. खुंटांच्या कडा गोल झाल्या किंवा चक्रे सरकवणारा शिफ्टर फोर्क वाकला की जोर येताच गिअर बाहेर फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी कडा आणखी झिजतात. वरंध घाट उतरताना असा गिअर सुटला, तर इंजिनाचा अटकाव क्षणात नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. गिअरचा दांडा वाकून कुठे अडत तर नाही, त्याचा बोल्ट ढिला तर नाही, हे आधी पाहावे. ते ठीक असेल, तर मात्र फुल इंजिन खोलावेच लागेल; त्या वेळी एकच चक्र न बदलता जोडीचे दुसरे चक्र आणि फोर्कही तपासून घ्यावा, आणि काढलेले भाग स्वतः हातात घेऊन त्यांच्या कडा पाहाव्यात. तोपर्यंत घाटात ही गाडी नेऊ नये.