मिसिसिपीकाठचं तळघर घ्यावं का?

प्रश्न : मुलीला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला नोकरी लागली आहे. नदीजवळ तळघरातला फ्लॅट बराच स्वस्त मिळतोय. घ्यावा का? करार, डिपॉझिट यांत काय पाहावं?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तळघर नकोच. त्याच इमारतीत वरचा मजला मिळत असेल तर थोडं जास्त भाडं परवडलं.

गोदेला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला. तिकडे समोरच्या काठावरच्या रॉक आयलंड गावाची पाणीपातळीची मोजणी बघतात. १५ फुटांना पूरपातळी धरतात. मे २०१९ मध्ये पाणी २२.७० फुटांवर गेलं आणि १९९३ चा २२.६३ फुटांचा विक्रम मोडला. डेव्हनपोर्टच्या काठावर कायमची भिंत नव्हती. ३० एप्रिलला तात्पुरता बांध फुटला आणि पाणी डाउनटाउनमध्ये शिरलं.

पण तळघर भिजायला नदीने रस्ता ओलांडावा लागत नाही. नदी फुगली की जमिनीतली पाण्याची पातळी चढते, गटाराचं पाणी उलटं फिरतं आणि फरशीतल्या जाळीतून वर येतं. ते उपसायला कोपऱ्यातल्या खड्ड्यात संप पंप असतो. वादळात वीज गेली की तोही गप्प. म्हणून घरमालकाला तीन गोष्टी विचारा: पंपाला बॅटरी आहे का, गटाराच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे का, २०१९ ला इथे पाणी होतं का. उत्तरं ईमेलवरच घ्या. भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यालाच नवा रंग असेल, कुबट वास येत असेल, तर उत्तराचीही गरज नाही.

विम्याची गोम अशी, की मालकाचा विमा मुलीच्या सामानाला लागू नसतो आणि भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. नदी चढायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही. त्यातही तळघरातल्या कपड्यांना, पलंग-सोफ्याला भरपाई मिळत नाही!

डिपॉझिट आयोवात दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. घर सोडल्यावर नवा पत्ता लेखी कळवायचा. तिथून ३० दिवसांत मालकाने पैसे परत द्यायचे, किंवा कशापायी किती कापले ते लिहून द्यायचं. पत्ता वर्षभर दिलाच नाही तर रक्कम गेली. ताबा घेताना भिंती, गालिचा, ओव्हनचं आतलं, सगळ्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवावेत.

करार आपल्या ११ महिन्यांच्या लिव्ह-लायसन्ससारखा समजू नका. तो बहुधा १२ महिन्यांचा असतो. मध्येच सोडलं तर नवा भाडेकरू येईपर्यंतचं भाडं अंगावर येऊ शकतं, मात्र मालकानेही तो शोधायचा वाजवी प्रयत्न करायला हवा. नदीवरचा पूल ओलांडला की इलिनॉय राज्य लागतं आणि कायदा बदलतो. मोलीन किंवा रॉक आयलंडला घर घेतलं तर डिपॉझिटचे वरचे नियम तिथे चालणार नाहीत.

प्रश्न : डिसेंबरात महिनाभर नाशिकला येताना अमेरिकेतल्या घरातला हीटर बंद केला तर बिल वाचेल ना?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : बिल वाचेल, पाइप फुटेल. पाणी गोठताना फुगतं, आणि बाहेरच्या भिंतीलगतचा पाइप आधी जातो. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोचते. निघण्याआधी फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा, फिल्टर बदला. तो धुळीने गच्च झाला की हवा अडते आणि फर्नेस स्वतःहून बंद पडते. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून आठवड्यातून एकदा घरात डोकवायला सांगा.