टीएनएफ-अल्फा (पेशींना दाहाचा संदेश देणारं प्रथिन) पहिल्या आठवड्यात छान चाललं, तिसऱ्या आठवड्यात पेशी दाद देत नाहीत. माल खराब आला का?

मला नाही वाटत. तुम्ही लिहिलंय की रिकॉम्बिनंट मानवी टीएनएफ-अल्फाची १० मायक्रोग्रॅमची कुपी साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) विरघळवून १ मायक्रोग्रॅम/मिलीचा स्टॉक (साठ्याचं द्रावण) केला आणि तीच ट्यूब रोज फ्रीझरमधून काढून वापरली. खरी गडबड इथेच आहे. तुमचं प्रथिन बहुतेक ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसलंय.

इतक्या पातळ द्रावणात प्लास्टिक बरंच प्रथिन ओढून घेतं. शिवाय टीएनएफचा एकेक रेणू (१५७ अमिनो आम्लं, साधारण १७ किलोडाल्टन) एकटा काही कामाचा नाही. तिघं एकत्र असतील तरच पेशीवरचा रिसेप्टर (संदेश झेलणारं प्रथिन) नीट जागा होतो. रोजच्या गोठण्या-वितळण्यात हे त्रिकूट बिघडतं, आणि अगदी पातळ केलं की आपोआपही सुटू लागतं. मीही सुरुवातीचे दोन महिने असाच स्टॉक वापरला आणि दोष अँटिबॉडीला (जिने पेशीतलं प्रथिन रंगवून बघतो) देत बसले.

नवी कुपी आली की उघडण्याआधी सेंट्रीफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवा. पावडर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि कित्येकदा ती झाकणालाच लागलेली असते. मग सोबतच्या कागदावर सांगितलेलं द्रावण १०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे ०.१ मिग्रॅ/मिली होईल. त्यात ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असू द्या: भिंतीला चिकटायचं ते बीएसए चिकटेल, टीएनएफ वाचेल. व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणारं यंत्र) नको, हलक्या हाताने फिरवा. ५-५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंश सेल्सियसला ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला टाकून द्यायचा. जीवावर येतं, पण टाकाच. वापरायच्या वेळी ५ मायक्रोलिटरमध्ये सीरमयुक्त मीडियम ४५ मायक्रोलिटर घाला; यातलं १ मायक्रोलिटर दर मिलीला टाकलं की तुमचे १० नॅनोग्रॅम/मिली झाले.

वेळही बघा. हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) पी-६५, म्हणजे टीएनएफचा संदेश मिळाल्यावर केंद्रकात शिरणारं प्रथिन, आत गेलेलं ३० मिनिटांच्या सुमारास स्पष्ट दिसतं: आधी केंद्रकाच्या जागी काळा गोल आणि भोवती चमक, नंतर बरोबर उलटं. तासाभराने आय-कप्पा-बी (पी-६५ला केंद्रकाबाहेर अडवून ठेवणारं प्रथिन) पुन्हा तयार होऊन त्याला बाहेर ओढतं. त्या वेळी पेशी फिक्स केल्या (रसायनाने आहेत तशा स्थिर केल्या) तर चांगलं टीएनएफही निकामी वाटेल.

पुढे मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या प्रतिकार-पेशींवर) काम करणार असाल तर उकळलेल्या टीएनएफचा कंट्रोल ठेवाच. हे प्रथिन बहुधा ई. कोलायमध्ये बनवतात, त्यामुळे एंडोटॉक्सिनचा (या जिवाणूच्या आवरणातल्या, मॅक्रोफेजला चेतवणाऱ्या पदार्थाचा) अंश राहू शकतो. उकळल्यावर टीएनएफ मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेला नमुनाही पेशींना पेटवत असेल, तर तुम्ही मोजताय ते टीएनएफ नव्हे.

जुनी ट्यूब आत्ताच टाकू नका. ताज्या भागाशेजारी, त्याच प्लेटवर, एकदा लावून बघा. दोन्हीकडे पी-६५ हललं नाही, तर पेशींचा पॅसेज नंबर (त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या ते) बघा आणि मायकोप्लाझ्माची (पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची) चाचणी करून घ्या.