छोट्या रीफ टँकला लाइट किती वॅटचा?

प्रश्न: भाऊ, मी भुसावळचा. दोन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात झोअँथिड आणि मशरूम हे कडक सांगाडा नसलेले प्रवाळ ठेवलेत. वर साधी पांढरी एलईडी ट्यूब आहे, पण झोअँथिडचे देठ लांबत चाललेत, रंगही तपकिरी पडलाय. किती वॅटचा लाइट घेऊ?

उत्तर: वॅट सोडा हो. वॅट म्हणजे वीज किती खाल्ली ते, प्रवाळाला काय मिळालं ते नाही. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला पोसतं, म्हणून बघायचं ते 'पार', म्हणजे शैवालाला वापरता येणारा प्रकाश, आणि देठ लांबतायत म्हणजे तोच कमी पडतोय. तुमच्या झोअँथिडला साधारण ५० ते १५० पार पुरतो, मशरूमला त्याहून कमी चालतो, तो खाली कोपऱ्यात ठेवा. निळा-पांढरा वेगवेगळा कमीजास्त होणारा रीफ एलईडी घ्या, निळा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. पण आणला की लगेच फुल करू नका! ३०-४० टक्क्यांवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा, नाहीतर प्रवाळ पांढरे पडतील. रोज ८-१० तास, टायमर लावूनच.

खरी भानगड आपल्या उन्हाळ्याची. मे मध्ये बाहेर ४५ अंश आणि टँक पाहिजे २५-२६ ला, पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात पण पाणी वाफ होऊन उडतं, त्या जागी गोडं आरओ पाणीच भरा, खारं नाही. जमलं तर चिलरच, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, घ्या.

आणि कडक सांगाड्याचे प्रवाळ आपल्या समुद्रातून काढणं-विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, दुकानदार काहीही म्हणो.