ठाण्यात राहून ऑइलमध्ये डोंगर रंगवतो, पण ते खरे का वाटत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ट्रेकला काढलेले फोटो समोर ठेवून डोंगर रंगवता आणि दर वेळी ते हिरव्या उशीसारखे गुबगुबीत होतात. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. आसनगावजवळच्या माहुली किल्ल्याचा कडा चार वेळा रंगवला आणि चारही वेळा खरवडून टाकला.

आधी आपल्या डोंगराची ठेवण समजून घ्या. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण थर उभा कातळ होऊन उरतो, मऊ थर झिजून उतार होतो आणि त्या उतारावर माती धरते, गवत-झाडी वाढते. म्हणून आपल्याकडे कडा, मग गवताचा पट्टा, मग पुन्हा कडा अशा पायऱ्या दिसतात. त्या मी पेन्सिलने मोजायला लागलो तेव्हा डोंगराला वजन आलं. कातळावर नाइफ (रंग लावायची बोथट पाती) वरून खाली ओढतो, गवताच्या पट्ट्यावर ब्रश आडवा-तिरपा चालवतो. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट सावलीची. फोटोत कड्याची सावली काळी ठिक्कर येते आणि आपण ट्यूबमधला काळा लावून मोकळे होतो. एकदा मी माहुलीच्या पायथ्याला शेताच्या बांधावर सकाळी साडेसातपासून बसलो होतो. नाइफच्या टोकावर रंगाचा ठिपका घेतला, एक डोळा मिटला आणि नाइफ थेट कड्यासमोर धरला. ठिपका कड्यापेक्षा कितीतरी काळा होता! अल्ट्रामरीन निळा वाढवला, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना घातला, थोडा पांढरा, पुन्हा धरला. सहाव्या-सातव्या खेपेला ठिपका कड्यात विरून गेला, दिसेनासाच झाला. ती सावली जांभळट निळी होती आणि खालच्या अंगाला तांबूस, कारण तापलेल्या मातीचा उजेड वर फेकला जात होता. त्या दिवसापासून काळ्या रंगाची ट्यूब मी पेटीत ठेवत नाही.

हिरव्याचंही तेच. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावला की प्लास्टिक दिसतं. यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि अल्ट्रामरीनमधून हिरवा काढा. मागची रांग जितकी लांब, तितकी निळसर आणि फिकी ठेवा.

सरावाला लांब जायची गरज नाही. मी वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवरून येऊरचे डोंगर रंगवतो. ते आपल्या पश्चिमेला आहेत, त्यामुळे कोवळं ऊन समोरून पडतं आणि सगळं सपाट दिसतं. साडेदहानंतर ऊन वरून घासत येतं, तेव्हा सोंडा आणि घळी सुट्या होतात. आठ बाय दहा इंचाचा बोर्ड घ्या, तासाभरात उजेड, मधली छटा आणि सावली एवढंच मांडा. एकच डोंगर महिनाभर करा. ही चित्रं कुणाला दाखवायची नाहीत, घरच्यांनाही नाही.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून बर्न्ट अंबरचा (गडद तपकिरी) द्या, तो लवकर वाळतो. वरच्या थरांत अळशीचं तेल वाढवत न्या. उलटं केलंत तर पुढे भेगा पडतात. पावसाळ्यात वाळायला जास्त दिवस लागतात आणि भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी येते, तेव्हा तो भिंतीपासून लांब ठेवा. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर खिडकी उघडी हवीच. आणि हे कृपया विसरू नका: अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

माहुली रंगवायला दिवाळीनंतर जा. पहाटेची कसारा लोकल धरून आसनगावला उतरा. तोवर गवत पिवळं पडलेलं असतं आणि कातळाचे थर एकेक करून मोजता येतात.