रिपोर्ट नॉर्मल, तरी श्वास पुरत का नाही?

“मॅडम, छाती भरून श्वास घेतला तरी तो आत पोचतच नाही.” ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येते, आणि सोबत बहुधा तपासण्यांची जाडजूड फाइल असते. ईसीजी ठीक, एक्स-रे ठीक, रक्त ठीक.

चाळिशीतले एक गृहस्थ (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत) बोलताना वाक्य मध्येच तोडत, खांदे उचलून तोंडाने हवा ओढत आणि मोठा सुस्कारा टाकत. मी श्वास मोजले, मिनिटाला 26. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20 असतात. गंमत म्हणजे मुलीचा विषय निघाला की सुस्कारे थांबत. साहेबांचं नाव काढलं की पुन्हा सुरू. त्यांना याचा पत्ताच नव्हता.

खिशात ऑक्सिमीटर. तो 98 दाखवी. “मशीन बिघडलंय,” ते म्हणाले. मशीन अगदी बरोबर होतं. ऑक्सिजन भरपूर होता. घाईच्या श्वासांमुळे कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर पडत होता. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. माणूस घाबरून आणखी जोरात श्वास ओढतो. अशा वेळी घरचे “दीर्घ श्वास घे” म्हणतात, ते आगीत तेलच. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही नको; दुखणं दम्याचं किंवा हृदयाचं निघालं तर जिवावर बेतेल.

आम्ही लक्ष उच्छ्वासाकडे वळवलं. पोटावर हात, नाकाने सहज श्वास, मग ओठांचा चंबू करून ज्योत हलेल पण विझणार नाही अशी लांब फुंकर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडायला जास्त वेळ द्यायचा. सराव बरं वाटत असतानाच करायचा. ऐन घाबरलेल्या क्षणी नवीन काही जमत नाही.

नुसत्या फुंकरीने भागलं नसतंच. दोन माणसांचं काम अंगावर घेऊन ते गप्प होते. साहेबांशी ते बोलायचं कसं, यावर आमच्या बऱ्याच भेटी गेल्या.

चालताना धाप, छातीवर दाब, श्वासात शिट्टीसारखा आवाज, निळसर ओठ, पायांवर सूज यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, समुपदेशक नंतर.

शेवटी त्यांनी विचारलं, “सुस्कारे पूर्ण थांबतील ना?” थांबू नयेत. अधूनमधून सुस्कारा प्रत्येकजण नकळत टाकतो. फुप्फुसांतले मिटलेले वायुकोश त्यानेच उघडतात.