जंतांच्या स्लाइडचे फोटो पिवळट आणि धुरकट: कॅमेरा बदलू नका, आधी उजेड बघा

कॉलेजच्या भंगारात निघालेल्या खोक्यातून तुम्हाला ॲस्कॅरिस या आतड्यातल्या जंताचा आडवा छेद आणि फायलेरिया या हत्तीरोगाच्या जंताचा रक्तलेप अशा दोन स्लाइड मिळाल्या. मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाईल लावून काढलेले फोटो पिवळट, धुरकट, भोवती काळं कडं. म्हणून नवा कॅमेरा घ्यायचा विचार चाललाय. नका घेऊ. मीही घेतला होता, आणि फोटो तसेच धुरकट आले, फक्त जास्त मेगापिक्सेलचे!

काळं कडं हा अंतराचा दोष आहे. आयपीसवर बटर पेपर धरून वर-खाली करा. उजेडाचा ठिपका जिथे सगळ्यात लहान होतो, तिथे मोबाईलचं भिंग यायला हवं. मुख्य कॅमेराच वापरा. हल्लीचे फोन मधेच स्वतःहून भिंग बदलतात, ते बंद करा.

पिवळेपणा बऱ्याचदा कॅनडा बाल्समचा, म्हणजे वरची पातळ काच (कव्हरस्लिप) चिकटवायच्या राळेचा असतो, वर्षं सरली की तो पिवळा पडतोच. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता ते कॅमेऱ्याला सांगणं) कोऱ्या काचेवर लावू नका. कव्हरस्लिपखाली जंत नसलेली, पण बाल्सम असलेली जागा शोधून तिथे लावा, निम्मं काम तिथेच होतं. आणि स्लाइड झायलीनने पुसायची नाही. मी एकदा पुसली. बाल्सम विरघळून कव्हरस्लिप सरकली, छेद तिच्याबरोबर गेला.

आता धुरकटपणा. आयपीस काढून नळीत डोकावा, तळाशी उजेडाची चकती दिसेल. स्लाइडखाली असलेल्या कंडेन्सर भिंगाच्या खालचा आयरिस (उजेड कमी-जास्त करायचा पडदा) हळूहळू मिटा आणि चकतीचा तीन चतुर्थांश व्यास उजळ राहिला की थांबा. बहुतेक जण तो पार मिटतात, कारण काँट्रास्ट वाढल्यासारखा वाटतो. त्यात बारकावे मरतात आणि धुळीचा कण न् कण उठून दिसतो. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) बदललं की हे पुन्हा करायचं.

रक्तलेपाची गोष्ट वेगळी आहे. त्यावर कव्हरस्लिप नसते, आणि तुमचं ४०x ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिमी काच मधे आहे असं धरून घडवलेलं असतं. ती नसली की कितीही फोकस करा, चित्र दुधाळच. लेपावर इमर्शन ऑइलचा थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवा. हा उपाय कळायला मला दोन वर्षं लागली. साधारण पाव मिलिमीटर लांबीची मायक्रोफायलेरिया (फायलेरियाचं रक्तातलं पिल्लू) ४०x च्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या दृश्यात पूर्ण मावते. शेपटीवर फोकस करा. फायलेरियाच्या दोन जाती शेपटीवरून ओळखता येतात: वुचेरेरिया बँक्रॉफ्टायमध्ये पेशीकेंद्रकांची रांग टोकाच्या आधीच संपते, ब्रुगिया मलायीत शेपटीत दोन सुटी केंद्रकं दिसतात. ती शेपूट स्वच्छ आली तरच फोटो जमला म्हणायचा. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाच्या पाहणीत रक्त रात्री घेतात ते याच मायक्रोफायलेरियांसाठी, त्या रात्रीच बाहेरच्या रक्तात येतात. जुन्या लेपाच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असली तर चिठ्ठीचाही फोटो काढून ठेवा.

ॲस्कॅरिसचा छेद मात्र अख्खा टिपायच्या नादी लागू नका. मादीचा छेद बऱ्याचदा ४x मध्येही मावत नाही. हवाच असेल तर तुकड्या-तुकड्यांनी काढून हगिन या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, ते फुकट आहे. खरी गंमत कडेला आहे. क्यूटिकलच्या (जंताच्या बाहेरच्या कवचाच्या) आत स्नायुपेशींच्या फुगीर पिशव्या दाटीने उभ्या असतात, आणि त्यांतून बारीक धागे पाठीच्या आणि पोटाच्या मज्जारज्जूकडे जातात. आपल्यात मज्जातंतू स्नायूपर्यंत येतो, इथे स्नायूच हात लांब करून मज्जारज्जूला गाठतो. १०x वर कोपरा नीट निवडलात तर हे एका फोटोत येतं. मला गर्भाशयातल्या अंड्यांपेक्षा हाच भाग आवडतो, पण लोक अंडीच टिपतात.

४०x वर एका वेळी जेमतेम एक मायक्रॉन जाडीच फोकसमध्ये असते, म्हणून बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवत दहा-पंधरा फोटो घ्या आणि पिकोले या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा, बोटाचा धक्का फार लागतो. एलईडीच्या उजेडात पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करून बघा.

आणि ४०x वर काहीच फोकस होत नसेल तर आधी स्लाइड उलटी तर ठेवली नाही ना, ते बघा. भिंग आणि काच यांत अर्धा-पाऊण मिलिमीटरच जागा असते, स्लाइड स्वतः एक मिलिमीटर जाड. माझी एक स्लाइड अशीच फुटली. तडा मात्र फोटोत फार सुरेख आला.